पुढचा भाग आपोआप नको: रात्रीचं बिंज थांबवण्यासाठी ऑटोप्ले बंद करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिंज म्हणजे मालिकेचे भाग एकामागून एक बघत बसणं. ते थांबवण्यासाठी ऑटोप्ले कसं बंद करायचं आणि बंद केल्यावर पुढे काय, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जास्तीची माहिती दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. अॅप अपडेट झालं की सेटिंग्जची नावं थोडी इकडेतिकडे होतात, तेव्हा नेमका शब्द दिसला नाही तर 'ऑटोप्ले' किंवा 'प्लेबॅक' या शब्दांच्या आसपास शोधा.

१. ऑटोप्ले म्हणजे नेमकं काय? एकाच अॅपमध्ये हा शब्द दोन-तीन ठिकाणी दिसतो.

कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होणं. दुसरी, नुसती यादी चाळताना एखाद्या चित्रावर थांबलात की त्याची झलक आवाजासकट वाजू लागणं. तिसरी, फेसबुक किंवा एक्ससारख्या फीडमध्ये खाली सरकताना व्हिडिओ आपसूक चालू होणं. रात्रीच्या जागरणाशी सगळ्यात थेट संबंध पहिलीचा आहे, म्हणून इथे मुख्यतः तिच्याबद्दल लिहिलं आहे. पण दुसरीही बंद करा असं मी सुचवेन. 'आज काय बघू' म्हणत चाळण्यातच बराच वेळ जातो आणि झलका तो वाढवतात.

२. एवढ्याशा बटणाने खरंच फरक पडतो का? मला बघायचंच असेल तर मी बघणारच ना?

पडतो. का पडतो हे एकदा कळलं की पुढची उत्तरं सोपी होतात.

भाग संपतो तो क्षण आठवून बघा. श्रेयनामावली सुरू होते न होते तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं. 'पुढचा भाग' लिहिलेलं बटण येतं, त्यात रंग एका बाजूने भरत जातो आणि भरून झाला की नवा प्रसंग सुरू. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. तेवढ्यात पांघरुणात हरवलेला रिमोटसुद्धा हाताला लागत नाही. थोडक्यात, बघत राहायला काहीच करावं लागत नाही आणि थांबायचं तर हालचाल करावी लागते. ऑटोप्ले बंद केलं की हे उलटं होतं. भाग संपतो, पडदा स्तब्ध होतो, खोलीत शांतता येते आणि पुढे बघायचं असेल तर हात उचलावा लागतो. रात्री साडेबाराला, दमलेल्या माणसासाठी हा फरक मोठा असतो.

नेटफ्लिक्सने ही सोय २०१२ मध्ये आणली. २०१७ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना आपली स्पर्धा झोपेशी आहे असं उघडपणे सांगितलं होतं. ऑटोप्ले बंद केल्याने काय होतं हे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी नेटफ्लिक्सच्या प्रेक्षकांवर प्रयोग करून तपासलं. ज्यांचं ऑटोप्ले बंद केलं, त्यांचं रोजचं बघणं आणि एका बैठकीची लांबी दोन्ही कमी झाली.

तुमची इच्छाशक्ती या बटणाने वाढणार नाही. ती वाढायची वाट बघण्याचीही गरज नाही. फक्त सेटिंग दिवसा बदला, रात्री मालिका रंगात आल्यावर नको.

३. नेटफ्लिक्सवर कुठून बंद करायचं?

सगळ्यात खात्रीचा मार्ग ब्राउझरचा. नेटफ्लिक्सच्या साइटवर लॉगिन करा, 'अकाउंट'मध्ये जा, आपलं प्रोफाइल निवडा आणि 'प्लेबॅक सेटिंग्ज' उघडा. तिथे दोन चौकटी दिसतील: एक मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू करण्याची, दुसरी चाळताना झलका वाजवण्याची. दोन्हींतली खूण काढा आणि 'सेव्ह' दाबा. सेव्ह न करता पान बंद करणारे पुष्कळ जण आहेत. नंतर 'सेटिंग चालत नाही' असं कळवणाऱ्यांपैकी अनेकांचं नेमकं तेच झालेलं असतं.

झलकांची चौकट २०२० पर्यंत नव्हती. तुम्ही त्याआधी शोधून सोडून दिलं असेल तर आता पुन्हा बघा.

ही सेटिंग प्रोफाइलपुरती असते. त्या प्रोफाइलने तुम्ही ज्या ज्या उपकरणावर बघता तिथे ती लागू होते. तरीही बदल दिसला नाही तर प्रश्न ६ पाहा.

४. यूट्यूबवर?

व्हिडिओ चालू असताना प्लेअरवरच ऑटोप्लेचं सरकतं बटण असतं: फोनवर वरच्या बाजूला, संगणकावर खालच्या पट्टीत. ते सरकवून बंद करा. टीव्हीवर अॅपच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोप्ले' नावाने मिळेल. फोनवर बंद केलं म्हणजे टीव्हीवरही झालं असं धरून चालू नका, प्रत्येक उपकरणावर जाऊन बघा.

फोनच्या यूट्यूब सेटिंग्जमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. यादीत व्हिडिओ आपोआप हलू नयेत म्हणून 'प्लेबॅक इन फीड्स' बंद करता येतं. आणि झोपेच्या वेळेची आठवण लावता येते. त्या आठवणीत चालू व्हिडिओ संपेपर्यंत थांबण्याचाही पर्याय आहे. तो निवडू नका, कारण तुम्ही कधी झोपायचं ते मग व्हिडिओच्या लांबीवर ठरतं.

अजून एक उपाय बऱ्याच जणांना माहीत नसतो. यूट्यूबची 'वॉच हिस्टरी' बंद करून जुनी नोंद पुसली की मुख्य पानावरच्या शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात. पान रिकामं दिसतं आणि बघायचं ते शोधून बघावं लागतं. एका व्हिडिओसाठी येऊन दहा बघणाऱ्यांसाठी मला हा उपाय ऑटोप्ले बंद करण्याइतकाच मोलाचा वाटतो.

५. बाकीच्या अॅप्सवर?

प्राइम व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये प्लेअर किंवा प्लेबॅकच्या भागात 'ऑटो प्ले' आहे. डिस्ने प्लसमध्ये प्रोफाइल एडिट करताना मिळतं. फेसबुकवर सेटिंग्जमध्ये 'मीडिया' उघडून ऑटोप्ले 'कधीच नको' वर ठेवा. एक्सवर 'अॅक्सेसिबिलिटी' विभागातल्या 'डेटा युसेज'मध्ये व्हिडिओ ऑटोप्ले आहे. आयफोनवर 'अॅक्सेसिबिलिटी'तल्या 'मोशन'मध्ये झलकांचं ऑटोप्ले बंद करता येतं, पण त्याने मालिकेचा पुढचा भाग थांबत नाही.

६. बंद केलं, तरी पुढचा भाग सुरू होतोच. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा बिघाड नसतो. या क्रमाने तपासा.

आधी प्रोफाइल. ज्या प्रोफाइलवर सेटिंग बदलली तेच टीव्हीवर चालू आहे का? घरातल्या टीव्हीवर सहसा कुणा एकाचं प्रोफाइल कायम उघडं असतं आणि सगळे त्यावरच बघतात.

मग ताजेपणा. टीव्हीच्या अॅपला नवी सेटिंग लगेच कळत नाही. नेटफ्लिक्सवर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत आपल्यावर या, म्हणजे सेटिंग नव्याने वाचली जाते. तेही जमलं नाही तर साइन आउट करून पुन्हा साइन इन करा.

यूट्यूबवर असाल तर प्लेलिस्ट चालू नाही ना ते बघा. हा खरा अपवाद आहे. ऑटोप्ले बंद असलं तरी प्लेलिस्टमधले व्हिडिओ एकामागून एक वाजत राहतात, कारण प्लेलिस्ट तुम्ही स्वतः निवडली असं अॅप धरतं. शोधातून एखाद्या मालिकेचा भाग उघडताना तो प्लेलिस्टच्या आतून उघडला गेला तर हेच होतं. प्लेअरखाली किंवा बाजूला भागांची यादी दिसत असेल तर त्यातून बाहेर पडा आणि तोच व्हिडिओ एकटा उघडा.

थेट प्रक्षेपणाची वाहिनी चालू असेल तर मात्र काही बंद करायला वावच नाही. तिथे टीव्हीचा स्लीप टायमर लावा (प्रश्न १२).

७. ब्राउझरमध्येच ऑटोप्ले ब्लॉक केलं तर सगळीकडचा प्रश्न एकदम सुटेल ना?

नाही सुटणार. क्रोमने एप्रिल २०१८ पासून आणि फायरफॉक्सने मार्च २०१९ पासून आवाजासह आपोआप वाजणारे व्हिडिओ रोखायला सुरुवात केली. सफारीत प्रत्येक साइटसाठी वेगळा नियम ठेवता येतो. पण हे सगळं तुम्ही पानावर काहीही न करता वाजू लागणाऱ्या व्हिडिओंसाठी आहे. तुम्ही एकदा 'प्ले' दाबलंत की ब्राउझर ती परवानगी समजतो, आणि पुढचा भाग त्याच परवानगीवर सुरू होऊ शकतो. बातम्यांच्या साइटवर अचानक ओरडणाऱ्या व्हिडिओंसाठी ब्राउझरची सेटिंग उत्तम. मालिकांसाठी त्या त्या अॅपमध्येच जायला हवं.

८. 'तुम्ही अजून बघताय का?' असं अॅप स्वतःच विचारतं. मग वेगळं काही करायची गरज काय?

तो प्रश्न फार उशिरा येतो. नेटफ्लिक्सवर कोणतंही बटण न दाबता सलग तीन भाग, किंवा ९० मिनिटं बघून झाल्यावर तो दिसतो. मधे तुम्ही आवाज कमी केलात किंवा थोडं पुढे सरकवलंत तर अॅपच्या दृष्टीने तुम्ही जागे. यूट्यूबवर मोबाइल नेटवर्क असेल तर ३० मिनिटं काही हालचाल नसल्यावर ऑटोप्ले थांबतं, वायफायवर मात्र सुमारे चार तासांनी. अकराला झोप लागली असेल तर तीन वाजेपर्यंत व्हिडिओ चालू राहू शकतात आणि आवाजाने तुमची झोप मोडत राहते. माणूस झोपला आहे का हे ओळखण्यासाठी ती सोय आहे. जागा असलेल्या माणसाने आता झोपावं का, हे ती विचारत नाही.

९. रील्स आणि शॉर्ट्सचं काय? तिथे ऑटोप्लेचं बटणच दिसत नाही.

बरोबर, कारण तिथे आपोआप वाजणं हेच त्या पडद्याचं स्वरूप आहे. इन्स्टाग्रामवर रील्स आपोआप वाजूच नयेत असं बटण नाही. शॉर्ट्समध्ये एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरतो आणि बोटाने वर सरकवलं की पुढचा येतो, त्यामुळे पुढचा सुरू करणारे तुम्हीच असता.

इथे वेळेची मर्यादा हाच मार्ग. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मध्ये अॅपनुसार मर्यादा घालता येते. दोन्ही सोयी २०१८ पासून आहेत. आयफोनवर 'डाउनटाइम' लावून ठरलेल्या वेळेनंतर निवडक अॅप्स सोडून बाकी सगळी बंद ठेवता येतात. मर्यादा ओलांडायचा पासकोड घरातल्या दुसऱ्या माणसाला ठेवायला सांगा. स्वतःचा पासकोड स्वतःला तोंडपाठ असतो, आणि रात्री तो टाकायला दोन सेकंद पुरतात.

१०. ऑटोप्ले बंद आहे, पण मीच 'पुढचा भाग' दाबतो. आता काय करू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा आहे, आणि यावरचा माझा सल्ला ऐकून सुरुवातीला लोकांना विचित्र वाटतं: भाग संपेपर्यंत बघूच नका. भागाच्या मधे थांबा.

मालिका लिहिणारे भागाचा शेवट मुद्दाम अशा ठिकाणी करतात, जिथून उठवत नाही. दार वाजतं, फोन येतो, कुणीतरी एक वाक्य बोलतं आणि पडदा काळा. तो क्षण तुम्हाला बांधून ठेवण्यासाठीच रचलेला असतो, आणि आपण थांबायचं ठरवतो ते नेमकं तिथेच. भागाच्या पोटात मात्र असे बरेच प्रसंग असतात, जिथे एक गोष्ट तात्पुरती सुटते: भांडण मिटतं, पात्रं एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. ४५ मिनिटांचा भाग असेल तर अर्धा तास झाल्यावर असा प्रसंग संपला की बंद करा. अॅप जागा लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी उरलेली १५ मिनिटं बघा, पुढच्या भागात शिरा आणि पुन्हा मधेच थांबा. पहिल्या एक-दोन रात्री चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण रात्री बारा वाजता रहस्य डोक्यात घेऊन अंथरुणात पडण्यापेक्षा हे कितीतरी सुसह्य आहे.

दुसरं, किती बघायचं ते 'प्ले' दाबण्याआधी ठरवा आणि घरात कुणाला तरी सांगा. तिसरं, झोपायची तयारी मालिका लावण्याआधी उरकून घ्या. दात घासायचे आहेत, दार लावायचं आहे, गजर लावायचा आहे, एवढ्या कारणांनी माणूस उठायचं टाळतो आणि टाळता टाळता अजून एक भाग बघतो.

बाहेरचं काही कारण नसताना ठरवल्यापेक्षा उशिरा झोपणं, या सवयीचा अभ्यास नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या फ्लोर क्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. तिला त्यांनी चालढकलीचाच एक प्रकार मानलं. झोप नकोशी असते म्हणून आपण जागतो असं नाही, हातातलं सोडवत नाही म्हणून जागतो. म्हणूनच सोडण्याची जागा बदलली की फरक पडतो.

११. मी स्क्रीनचा रंग पिवळसर करतो आणि प्रकाश मंद ठेवतो. मग रात्री उशिरा बघायला हरकत काय?

मंद प्रकाश चांगलाच. झोपण्यापूर्वी प्रकाश देणाऱ्या पडद्यावर वाचल्याने मेलाटोनिन (शरीराला झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक) उशिरा वाढतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण प्रकाश हा प्रश्नाचा एकच भाग आहे. बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ जणांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वारंवार बिंज करणाऱ्यांची झोप कमी दर्जाची असल्याचं तीत आढळलं, आणि झोपताना मन जागं असणं हा त्यातला दुवा निघाला. अंथरुणात पडल्यावरही गोष्ट डोक्यात चालूच राहते. ही पाहणी संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. तरी अनुभवाशी ती जुळते. पिवळ्या पडद्यावर पाहिलेला पाठलागही पाठलागच असतो.

शिवाय तासांचा हिशेब आहेच. प्रौढांना नियमितपणे किमान सात तास झोप हवी. पडद्याचा रंग बदलून ते तास परत मिळत नाहीत.

१२. मला काहीतरी चालू असल्याशिवाय झोपच येत नाही. ऑटोप्ले बंद केलं तर शांततेने जाग येते.

मग एकदम बंद न करता वेळ लावा. यूट्यूबच्या प्लेअरमधल्या सेटिंग्जमध्ये स्लीप टायमर आहे. आयफोनच्या घड्याळात टायमर लावताना आवाजाच्या जागी 'स्टॉप प्लेइंग' निवडलं की वेळ संपताच चालू असलेलं थांबतं. बहुतेक टीव्हींमध्ये स्वतःचा स्लीप टायमर असतो. सुरुवातीला ४५ मिनिटं ठेवा, मग दर काही दिवसांनी कमी करत जा. आधी पाहिलेली, रहस्य नसलेली गोष्ट लावा, किंवा चित्राऐवजी फक्त आवाज.

१३. टीव्ही एकच आहे आणि घरच्यांना ऑटोप्ले हवं आहे.

स्वतःचं वेगळं प्रोफाइल करा आणि एकटे बघताना तेच उघडा. एकत्र बघताना कोणाचं प्रोफाइल उघडायचं ते आधीच ठरवून घ्या.

१४. मुलांच्या प्रोफाइलला माझी सेटिंग आपोआप लागते का?

नाही. मुलांचं प्रोफाइल वेगळं असतं, तिथे जाऊन वेगळं बंद करावं लागतं. यूट्यूबने २०२१ मध्ये १३ ते १७ वयाच्या खात्यांवर ऑटोप्ले मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. पण खात्यावर जन्मतारीख खरी असेल तरच याचा उपयोग. मूल तुमच्या खात्यावर बघत असेल तर अॅपच्या लेखी ते प्रौढच आहे. लहान मुलांच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन की ऑटोप्ले बंदच ठेवा. 'हे संपलं की बंद' असं आपण मुलाला सांगतो, तेव्हा ते संपलेलं त्याला दिसायला हवं.

१५. मला हातांचा त्रास आहे, दर वेळी बटण दाबणं जमत नाही. / बाळाला पाजताना हात मोकळे नसतात.

अशा वेळी ऑटोप्ले ही खरी सोय आहे. ती सोडलीच पाहिजे असं मुळीच नाही. यूट्यूबवर प्रश्न ६ मधला अपवाद इथे कामाला येतो. दिवसा हव्या तेवढ्याच व्हिडिओंची प्लेलिस्ट बनवा आणि ऑटोप्ले बंद ठेवा. यादीतलं एकामागून एक वाजेल आणि यादी संपली की थांबेल. मालिकांसाठी ऑटोप्ले चालू ठेवून टीव्हीचा स्लीप टायमर लावा. आवाजाने चालणारा सहायक असेल तर 'थांबव' एवढं म्हणणंही पुरतं.

१६. सगळं केलं, पडदा साडेदहालाच बंद होतो, पण झोप बारा-एकशिवाय येत नाही.

पहिले काही दिवस असं होतं, कारण शरीराला उशिराची सवय झालेली असते. रोज उठायची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि दोन आठवडे अंथरुणात कधी गेलात, अंदाजे कधी झोपलात, कधी उठलात हे कागदावर लिहा. फोनवर नको, तो हातात आला की पुन्हा तेच सुरू होतं.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप येत नसेल आणि हे तीन महिने चाललं असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश असू शकतो. कदाचित आधी झोप येत नव्हती आणि वेळ घालवायला मालिका लागत होती. अशा वेळी सेटिंग बदलून भागणार नाही. डॉक्टरकडे जा आणि तो कागद सोबत न्या. प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी झोपेसाठीची विशिष्ट वर्तनोपचार पद्धत वापरावी, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१६ पासून शिफारस आहे. तिच्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तीन महिने होण्याआधीच दिवसा गाडी चालवताना डोळा लागत असेल, किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर दोन आठवड्यांच्या नोंदीसाठीही थांबू नका.